जळजळ पुन्हा पुन्हा का होते? पाणी, वजन आणि गरजेपेक्षा जास्त धुणं

पत्र

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय 46, उंची 5 फूट 1 इंच, वजन 86 किलो. दोन मुलं, दोन्ही वेळा नॉर्मल डिलिव्हरी. गेल्या वर्षभरात चार वेळा लघवीला जळजळ झाली. दर वेळी मेडिकलमधून गोळ्या आणते. दोन दिवसांत बरं वाटलं की बंद करते, आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. जांघेत आणि पोटाच्या घडीखाली सारखी खाज असते. शिंकलं, खोकलं, हंडा उचलला की थेंब गळतात, म्हणून कापडाची घडी लावते. अंगणवाडीच्या संडासात पाणी नाही, त्यामुळे सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत पाणीच पीत नाही. रोज दोनदा साबणाने आणि जंतुनाशक टाकलेल्या पाण्याने धुते, तरी जाऊबाई म्हणतात, "तू स्वच्छ राहत नाहीस म्हणून होतं." बीपीची गोळी चालू आहे. आईला शुगर आहे. पाळी हल्ली मागेपुढे होते. हे खरंच अस्वच्छतेमुळे होतं का? वजनाचा संबंध आहे का?

उत्तर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो: नाही. जाऊबाईंनाही हे वाचून दाखवा. तुमच्या पत्रात कमी धुतल्याची एकही खूण नाही, गरजेपेक्षा जास्त धुतल्याच्या मात्र आहेत. वजनाचा संबंध आहे, पण लोक समजतात तसा नाही. आणि या सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: आठ ते तीन पाणी नाही.

बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा असतो, पुरुषांचा साधारण 20. शिवाय त्यांचं मूत्रद्वार गुदद्वाराच्या जवळ. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा सापडणारा जंतू, ई. कोलाय, हा बाहेरून कुठून येत नाही. तो आपल्याच आतड्यात राहतो. तो थोडाफार पुढे सरकणं हे प्रत्येक बाईच्या बाबतीत होतं, कितीही स्वच्छ राहिली तरी. त्याला धुऊन काढण्याची शरीराची व्यवस्था म्हणजे भरपूर लघवी होणं आणि मूत्राशय वेळोवेळी पूर्ण रिकामं होणं. तुम्ही ती व्यवस्था रोज सात तास बंद ठेवता. लघवी कमी, ती घट्ट, आणि आलेल्या जंतूंना वाढायला निवांत वेळ. त्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा अंगातलं पाणी घामातच निघून जातं. कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांचं, केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्यांचं, बाजारात बसणाऱ्यांचं हेच होतं. उन्हाळी लागली म्हणतात ती अशीच लागते.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार मूत्राशयाचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि रोज दीड लिटरपेक्षा कमी पातळ पदार्थ घेणाऱ्या 140 बायका घेतल्या होत्या. निम्म्यांनी रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. औषध नाही, मलम नाही, फक्त पाणी.

तेव्हा सुरुवात इथून करा. घरातला एक पेला मापून ठेवा, बहुतेक स्टीलचे पेले 200 ते 250 मिलीचे असतात. उठल्यावर दोन पेले, निघण्याआधी नाश्त्याबरोबर एक, आणि घरातून निघताना लघवी करूनच निघा. अंगणवाडीत एक लिटरची बाटली न्या आणि ती तीनच्या आत संपवा, एकदम नाही, घोट घोट. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत आणखी तीन पेले. झोपायच्या दोन तास आधी थांबा, नाही तर रात्री उठावं लागेल. हे दोन-अडीच लिटर होतं. एप्रिल-मेमध्ये तीनपर्यंत जाऊ द्या. माप विसरलात तरी चालेल, लघवीचा रंग बघा: फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर मात्र रंग गडदच दिसतो, त्याने घाबरू नका. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असून डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, अशा वाचक बायकांनी हे माप घेऊ नये.

आता पाणी प्यायलं तर जायचं कुठे, हा खरा प्रश्न. अंगणवाडीशेजारच्या एखाद्या ओळखीच्या घरी बोलून ठेवा, तिथे साडेदहाला आणि दीडला जायचं, जावं लागो न लागो. यात लाजण्यासारखं काही नाही. ती बाईही समजून घेईल. आणि संडासात पाणी नाही ही तक्रार तोंडी न ठेवता पर्यवेक्षिका आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांकडे लेखी द्या, पोच घ्या. तोवर पाच लिटरचा कॅन भरून नेला तरी दोन वेळेचं भागतं. दर तीन-साडेतीन तासांनी मूत्राशय रिकामं झालं पाहिजे. बसल्यावर घाई नको. धार थांबली की दोन-तीन श्वास थांबा, जरा पुढे वाका, उरलेली येऊ द्या. कमोड वापरत असाल तर नीट टेकून बसा; घाणीच्या भीतीने अधांतरी बसलं की खालचे स्नायू ताणलेले राहतात आणि लघवी पूर्ण होत नाही.

धुण्याबद्दल आता सविस्तर, कारण इथे तुमचा बराच त्रास तुमच्याच कष्टाने वाढतोय.

योनीत निरोगी बाईलाही जंतू असतात, आणि ते आपल्या बाजूचे असतात. लॅक्टोबॅसिलस नावाचे हे जंतू आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 3.8 ते 4.5 राहतो, आणि त्यात ई. कोलायसारख्यांना बस्तान बसवता येत नाही. अंगाच्या साबणाचा पीएच 9 ते 10. जंतुनाशकाचं पाणी तर मित्र-शत्रू दोघांनाही मारतं आणि वरून नाजूक कातडी भाजून काढतं, म्हणजे तिला बारीक भेगा पडतात, ती कोरडी होते, खाजते. मग खाज म्हणजे घाण असं वाटून बाई आणखी धुते. आजपासून ते जंतुनाशक घरातल्या फरशीला वापरा. बाहेरचा भाग रोज एकदा साध्या, कोमट किंवा गार पाण्याने धुवा. साबण लागलाच तर फक्त जांघांना आणि केसांच्या भागाला, आत कधीच नाही. आत बोट घालून, पिचकारी मारून धुणं तर अजिबात नको. जाहिरातीतले वास येणारे खास वॉशही लागत नाहीत. तेवढ्या पैशांत दोन सुती निकर येतील.

शौचानंतरच्या धुण्याची दिशा महत्त्वाची. पोट मोठं असलं की मागून हात पोचत नाही, म्हणून बऱ्याच बायका पुढून, दोन पायांमधून हात घालून धुतात आणि हात मागून पुढे ओढतात. त्याने मळ थेट मूत्रद्वाराकडे येतो. पद्धत अशी ठेवा: आधी पुढचा भाग पाण्याने धुवा, मग मागचा, आणि मागे लागलेला हात पुन्हा पुढे आणू नका. तांब्या असेल तर उजव्या हाताने पाठीकडून पाणी सोडा आणि डावा हात कुल्ल्यामागून घाला. बसून हात पोचत नसेल तर अर्धवट उठून, भिंतीला आधार देऊन एका बाजूला वळलं की पोचतो. घरी जेट स्प्रे असेल तर त्याची धार पुढून मागे जाईल अशी धरा. मागून सोडलेली जोराची धार सगळं पुढे ढकलते. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: धुण्याच्या दिशेमुळेच इन्फेक्शन होतं असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. तरी ही सवय फुकटची आहे, तोटा काही नाही, म्हणून लावून घ्या. पण जळजळ झाली की "मी नीट धुतलं नसेल" असं स्वतःला टोचत बसू नका.

धुतल्यावर कोरडं करणं मात्र बहुतेक जणी विसरतात. ओल्यावरच निकर चढते, किंवा परकराच्या टोकाने पुसलं जातं. जुन्या मऊ सुती साडीचे वीतभर तुकडे करून ठेवा, हलकेच टिपा, घासू नका. तो तुकडा त्याच दिवशी धुऊन उन्हात वाळवा, दुसऱ्या कपड्याखाली लपवून नाही. आपल्याकडच्या उन्हाचा हा तरी फायदा घ्या.

आता खाज. पोटाच्या घडीत आणि जांघेत कातडीवर कातडी घासते, घाम अडकतो, वारा लागत नाही. तिथे बुरशी येते. घडी उघडून बघा, स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरा. लालसर ओलसर पट्टा, कडेला बारीक पुटकुळ्या, कधी आंबूस वास, असं असतं. आंघोळीनंतर घडी हाताने उचलून आतपर्यंत कोरडी करा, दोन मिनिटं पंख्याखाली उघडी ठेवा. घडीत सुती कापडाची एकेरी पट्टी ठेवली तर कातडी कातडीला लागत नाही. घामाने भिजली की बदला. परकराची नाडी त्याच घडीत रुतत असेल तर ती रुंद पट्टीची करून घ्या आणि जागा बदला. क्लोट्रिमाझोल 1 टक्का मलम दिवसातून दोनदा, पातळ थर, दोन ते चार आठवडे लागतं, आणि खाज थांबल्यावरही आठवडाभर चालू ठेवायचं असतं. आम्हाला खरी भीती वाटते ती मेडिकलमधून बिनचिठ्ठीने मिळणाऱ्या मिश्र मलमांची, ज्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. नळीवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बेटामेथासोन असं नाव दिसेल. दोन दिवसांत खाज जादूसारखी जाते, आत बुरशी मात्र पसरत राहते, कातडी पातळ होते, पांढरे चरे पडतात. जांघेत हे मलम डॉक्टरांनी बघितल्याशिवाय लावू नका.

इथपर्यंतचं लक्षात आलं की तुमच्या चार वेळांच्या जळजळीचं कोडंही थोडं सुटतं. चारही वेळा ते लघवीचं इन्फेक्शन होतं का, याबद्दल आम्हाला शंका आहे. जळजळ दोन प्रकारची असते. एक आतून येते: लघवी होताना, विशेषतः शेवटी, आग होते, सारखी लागते पण थेंबभरच होते, ओटीपोटात दुखतं, लघवी गढूळ, कधी लालसर. ही मूत्राशयाची. दुसरी बाहेरची: लघवी कातडीला लागली की चुरचुरते, बरोबर खाज, आणि अंगावरून दह्याच्या कण्यांसारखं पांढरं जातं. ही योनीतल्या बुरशीची. अँटिबायोटिक घेतलं की आपल्या बाजूचे लॅक्टोबॅसिलस मरतात, बुरशीला मोकळं रान मिळतं, आठ-दहा दिवसांनी बाहेरची जळजळ सुरू होते. बाई म्हणते पुन्हा लघवीचं इन्फेक्शन, मेडिकलवाला पुन्हा तीच गोळी देतो, बुरशी आणखी वाढते. ही फेरी एकदा सुरू झाली की वर्ष वर्ष चालते. म्हणून पुढच्या वेळी गोळी तोंडात टाकायच्या आधी ही दोन लक्षणं वेगळी करून बघा, आणि पांढरं जात असेल तर डॉक्टरांना न लाजता आधी तेच सांगा.

पुढची जळजळ आतली वाटली तर पहिल्या गोळीच्या आधी युरिन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) द्या. वर्षात तीन किंवा सहा महिन्यांत दोन वेळा त्रास झाला की त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. तुमचे चार झालेत, आता अंदाजाने गोळ्या खाण्याची वेळ गेली. कल्चरमध्ये कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरतो हे दोन्ही कळतं. दोन दिवस गोळ्या खाऊन सोडल्या की कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात, आणि पुढच्या वेळी तीच गोळी चालत नाही. आपल्या देशात नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन या गोळ्यांना ई. कोलाय फार मोठ्या प्रमाणात दाद देईनासा झालाय, आणि मेडिकलमधून बहुतेक याच मिळतात.

नमुना देण्यातच अर्धे रिपोर्ट बिघडतात. घरी सकाळी बाटलीत लघवी घेऊन एसटीने चोपड्याला जायचं, मग लॅबमध्ये रांग. तोवर दोन-तीन तास गेले, बाटलीतले जंतू वाढून बसले, रिपोर्ट भलताच. नमुना लॅबमध्येच द्या. पहाटेचीच लघवी लागते असं नाही, तीन-चार तास न गेलेली असली म्हणजे झालं. लॅबमधूनच निर्जंतुक डबी घ्या, झाकण आयत्या वेळी उघडा, आत बोट लावू नका, झाकण उताणं ठेवा. साध्या पाण्याने पुढचा भाग धुऊन टिपून घ्या. एका हाताच्या दोन बोटांनी ओठ वेगळे धरा आणि शेवटपर्यंत तसेच धरून ठेवा. पहिली धार संडासात सोडा, मधली डबीत घ्या, डबी अर्ध्याच्या खाली भरली तरी पुरे, शेवटची पुन्हा संडासात. अंगावरून जात असेल किंवा पाळी असेल तर नर्सला आधी सांगा. डबी तासाभरात तपासायला गेली पाहिजे. ते जमणार नसेल तर 4 अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवली तर 24 तासांपर्यंत चालते. कल्चरचा रिपोर्ट यायला साधारण दोन दिवस लागतात. रिपोर्टमध्ये "एपिथेलियल सेल्स" खूप असतील किंवा "मिक्स ग्रोथ" लिहिलं असेल तर तो नमुना बाहेरच्या कातडीचा आहे असं समजा आणि पुन्हा द्या. नुसत्या पस सेल्स (पू-पेशी) वाढल्या म्हणून अँटिबायोटिक घेऊ नका, त्या योनीतल्या दाहामुळेही दिसतात. आणि बरं वाटत असताना खात्रीसाठी म्हणून कल्चर करू नका. त्रास नसताना लघवीत जंतू निघाले तरी त्याला औषध लागत नाही. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिला लागतं.

डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरॅन्टॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅमची एकच पुडी देतील. नायट्रोफ्युरॅन्टॉइनची गोळी दर वेळी जेवणाबरोबर घ्यायची, लघवी तपकिरी-पिवळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही; पाचही दिवस पूर्ण करायची. फॉस्फोमायसिनची पुडी अर्धा पेला पाण्यात विरघळवून, रात्री झोपताना, लघवी करून आल्यावर घ्यायची. लघवीची आग शमवायला मिळणारं क्षाराचं सरबत नायट्रोफ्युरॅन्टॉइनबरोबर घेऊ नका, कारण ती गोळी आम्ल लघवीत चांगली चालते. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी जरूर प्या, पोटात पाणीच जातं. पण त्याने जंतू मरतात असं धरून दोन दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. थंडी वाजून ताप, कुशीत बरगडीखाली दुखणं, उलट्या, यांपैकी काहीही असेल तर एक रात्रही घरी काढू नका. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलेलं असू शकतं. जळजळ नसताना लघवीत रक्त दिसलं तर तेही तुमच्या वयात तपासून घ्यावंच लागतं, एकदाच दिसलं तरी.

त्याच वेळी शुगर तपासा. आईला आहे, वजन आहे, घडीत बुरशी आहे, इन्फेक्शन परत परत आहे. ही चारही बोटं एकाच दिशेला आहेत. रिकाम्या पोटी 126 किंवा जास्त, जेवणानंतर दोन तासांनी 200 किंवा जास्त, किंवा एचबीए1सी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 6.5 आणि पुढे, हे मधुमेहाचे आकडे. एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. शुगर निघालीच आणि डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लिहायला घेतलं, तर खाजेबद्दल आधी सांगा. या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, आणि तिथे बुरशीला खाऊ मिळतो. चांगली औषधं आहेत, पण तुमच्यासाठी आधी बुरशी बरी व्हायला हवी.

वजनाचं आता. 86 किलोला तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, जवळजवळ 36 येतो. आपल्या लोकांसाठी 23 नंतर जास्त आणि 25 नंतर लठ्ठपणा धरतात. वजनाने जंतू येत नाहीत. पोटाच्या चरबीचा भार चोवीस तास मूत्राशयावर आणि त्याला खालून झेलणाऱ्या स्नायूंवर असतो. बाळंतपणात ते स्नायू ताणलेले, आता पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होतंय म्हणून आणखी ढिले. त्यावर खोकल्याचा धक्का बसला की मूत्राशयाचं तोंड क्षणभर उघडतं आणि थेंब गळतात. भार कमी झाला की गळणं कमी होतं, आणि त्यासाठी चवळीच्या शेंगेसारखं व्हायची गरज नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 338 लठ्ठ बायका होत्या. सहा महिन्यांत ज्यांचं वजन सरासरी 8 टक्के उतरलं, त्यांचं आठवड्यातलं गळणं 47 टक्क्यांनी कमी झालं. नुसती माहिती दिलेल्यांचं 28 टक्क्यांनी. तुमचे 8 टक्के म्हणजे सात किलो. 86 वरून 79. महिन्याला सव्वा किलो. हे जमण्यासारखं आहे.

आपल्या ताटात कमी करायची जागा एकच, तेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरेसं आहे; घरात चौघं असाल तर दोन लिटर. महिन्याच्या सुरुवातीला तेवढंच वेगळ्या बरणीत काढा आणि बघा कितव्या तारखेला संपतं. शेवभाजीच्या रश्शावरचा तवंग, त्यात वरून टाकलेली शेव, तुपात बुडवलेली बट्टी, यात दिवसभराच्या भाकरीइतक्या कॅलरी असतात. कळण्याची भाकरी मात्र सोडू नका. ज्वारी आणि उडीद, दोन्ही पोटाला धरून ठेवतात. भरताचं वांगं मुळात हलकं आहे. एका मोठ्या वांग्याला दोन चमचे तेलाची फोडणी भरपूर झाली. वरण-बट्टी महिन्यातून एकदा, बट्टी तळलेली नाही, भाजलेली. केळी खाल्ली तर चालेल, दिवसाला एक, वेफर्स नकोत. चहा दोन अर्ध्या कपांवर आणा, कारण साखर तर पोटात जातेच, वर चहा मूत्राशयालाही डिवचतो आणि लघवीची घाई वाढवतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथण्याचा जोर त्याच ढिल्या स्नायूंवर येतो. चालायला सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. गळण्यामुळे चालायची लाज वाटत असेल तर निघण्याआधी लघवी करून घ्या आणि लघवीसाठीचा पॅड लावा. पाळीचा पॅड किंवा कापडाची घडी लघवी नीट शोषत नाही, ओल कातडीला लागून राहते. कापडच परवडत असेल तर तीन-चार तासांनी बदला.

वजन उतरायला महिने लागतात, व्यायाम आजपासून करता येतो. वारा सरायला आलाय आणि चार माणसांत बसलोय, अशा वेळी जो भाग आत ओढून धरतो, ते हे स्नायू. तो भाग आत आणि वर ओढा, सहा ते आठ सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. पोटावर हात ठेवा, पोट कडक झालं तर चुकतंय. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला तीन सेकंदच धरता आलं तरी तिथून वाढवा. पहिले काही आठवडे आडवं पडून करा, भार नसल्याने सोपं जातं. लघवी करताना मधेच धार थांबवून सराव करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. फरक दिसायला तीन महिने लागतात, बहुतेक जणी पाचव्या-सहाव्या आठवड्यात कंटाळून सोडतात. एक युक्ती मात्र लगेच कामाला येते: खोकला-शिंक येतेय असं वाटलं, हंडा उचलायचाय, की त्याच्या आधी क्षणभर हे स्नायू आवळून धरा.

डॉक्टरांकडे जाताना बीपीच्या गोळीचं पान बरोबर न्या. एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशा "प्रिल"ने संपणाऱ्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो, आणि खोकला आला की गळणं आलंच. ती बदलून मिळते, स्वतः बंद करू नका. लघवी वाढवणारी गोळी त्यात असेल तर ती दुपारनंतर न घेता सकाळी घ्यायची का, हेही विचारा. सोनोग्राफी सांगतील, तेव्हा लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते तेही मोजायला सांगा. 50 मिलीपर्यंत ठीक, 100-150 च्या वर म्हणजे रिकामं होत नाहीये आणि इन्फेक्शनचं मूळ तिथे असू शकतं. त्याच सोनोग्राफीत मुतखडाही दिसतो. खड्यात जंतू लपून बसले तर औषधाने तात्पुरतं बरं वाटतं आणि पुन्हा उठतं. खाली जड वाटत असेल, बसताना काही बाहेर आल्यासारखं वाटत असेल, म्हणजे अंग बाहेर येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. योनी कोरडी पडली असेल तर तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम त्या देऊ शकतात. पाळी गेल्यानंतरच्या वारंवार इन्फेक्शनला त्याचा चांगला उपयोग होतो. नवऱ्याजवळ गेल्यानंतर लगेच लघवी करून या, पण या जळजळीसाठी नवऱ्याला औषध लागत नाही आणि त्याच्यापासून लागण झाली असंही नसतं. तालुक्याला कल्चरची सोय नसेल तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागाच्या बाह्यरुग्ण खिडकीवर जा. धुळे आणि नंदुरबारच्या बायकांनाही आपापल्या जिल्ह्यात शासकीय महाविद्यालय आहे. जाताना वर्षभरात घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडतील तेवढी पिशवीत टाका, आणि कोणत्या महिन्यात किती दिवस घेतल्या ते एका कागदावर लिहून न्या.